संगणकाचा मेंदू : किंमत आणि मोल

संगणकाच्या बाजारात दर वर्षा-दीड वर्षाने नवे प्रोसेसर येतात. त्यांतला जो सर्वांत वरच्या प्रतीचा असतो त्याची किंमत ऐकून साधा माणूस दचकतो आणि हौशी माणूस मोहात पडतो. मग प्रश्न निघतो, की हा माल त्या किमतीचा आहे काय? प्रश्न दिसायला दुकानदारीचा आहे. परंतु त्यात थोडे गणित आहे, थोडे यंत्रशास्त्र आहे आणि पुष्कळसा व्यवहार आहे. म्हणून व्याख्यानमालेच्या श्रोत्यांसमोर त्याची उकल करणे अप्रस्तुत ठरणार नाही, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न आता फक्त मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. एके काळी मध्यम स्थितीच्या घरात शिवणयंत्र येणे ही मोठी गोष्ट होती. पुढे दूरदर्शनचा संच आला. आज मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीला, वास्तुशास्त्राला किंवा हिशेबनिसीच्या शिक्षणाला गेली की घरात संगणकाची मागणी होते. नेसरीसारख्या गावी ही रक्कम उसाच्या बिलातून, दुधाच्या हप्त्यांतून किंवा पतसंस्थेच्या कर्जातून उभी करावी लागते. अशा घरात वीस-तीस हजार रुपये उगाच जास्त गेले तर ते एका सत्राच्या फीतून किंवा धाकट्या भावंडाच्या वाट्यातून जातात. उलट, भलतीच काटकसर करून निकामी यंत्र घेतले तर सगळेच पैसे पाण्यात जातात. दोन्ही बाजूंनी नुकसान संभवते, म्हणून विचार अवश्य आहे.

नेसरीचे नाव महाराष्ट्रात घेतले की २४ फेब्रुवारी १६७४ हा दिवस आणि सरनौबत प्रतापराव गुजर व त्यांचे सहा साथीदार आठवतात. त्या सात स्वारांच्या उडीला हिशेबाचा गज लावण्याचे धाडस कोणी करू नये. ती गोष्ट मानाची होती. पण बाजारहाट ही मानाची गोष्ट नव्हे. तेथे गज लावलाच पाहिजे, आणि तोही स्वतःच्या हाताने लावला पाहिजे. विकणाऱ्याच्या हातातील गजावर विसंबून चालत नाही.

प्रथम प्रोसेसर म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा मेंदू असे आपण त्यास म्हणतो, परंतु हा मेंदू विचार करीत नाही. तो आज्ञा वाचतो आणि त्याप्रमाणे बेरीज करतो, दोन आकडे ताडून पाहतो, एक आकडा येथून उचलून तेथे ठेवतो. कामे इतकी क्षुल्लक आहेत की पहिलीतील पोरालाही करता यावीत; चमत्कार आहे तो वेगाचा. पाच गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे ज्याच्या घड्याळाचे एका सेकंदात पाच अब्ज ठोके पडतात असा प्रोसेसर. इंटेल कंपनीने १९७१ साली '४००४' नावाची चिप बाजारात आणली, तीत सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेची चालू-बंद होणारी अतिसूक्ष्म कळ. आज नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर अशा अब्जावधी कळा बसतात.

ठोक्यांचा वेग वाढवीत नेण्याला मात्र मर्यादा आहे. वेग वाढला की चिप तापते, आणि एका हद्दीपलीकडे तिला थंड ठेवणे दुरापास्त होते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ही भिंत कारखानदारांना लागली. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. एकच गडी अधिक जोराने पळेना, म्हणून एकाच चिपवर अनेक गडी बसविले. या प्रत्येक गड्याला 'कोअर' म्हणतात. आज जाहिरातीत सहा कोअर, सोळा कोअर, चोवीस कोअर असे जे आकडे झळकतात ते या गड्यांचे होत. आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या गड्यांच्या हिशेबातच आहे. पण त्याआधी किंमत कशी ठरते ते पाहिले पाहिजे.

आजरा-चंदगड हा टापू काजूचा. काजूचे कारखाने पाहिलेल्या माणसास प्रोसेसरची प्रतवारी समजावून सांगण्यास पाच मिनिटेही लागू नयेत. एकाच बागेतील बी फोडली जाते, सोलली जाते आणि मग गर निवडला जातो. एका पौंडात १८० पर्यंत बसणारा टपोरा अखंड गर ही एक प्रत, ३२० पर्यंत बसणारा ही दुसरी, पाकळी निराळी, तुकडा निराळा. पहिल्या प्रतीचा भाव आणि तुकड्याचा भाव यांत मोठे अंतर असते. चवीत मात्र ते अंतर नसते. ताटात सजवायचे असेल तर टपोरा गर हवा; भाजीच्या रश्श्यात वाटून घालावयाचा असेल तर तुकडा तेच काम करतो.

प्रोसेसरचेही असेच आहे. एएमडी या कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये 'रायझन ७०००' ही मालिका आणली. तिच्यातील गणन करणारा मुख्य तुकडा तैवानच्या टीएसएमसी या कारखान्यात तयार होई. या प्रत्येक तुकड्यावर आठ कोअर असतात आणि साडेसहा अब्ज ट्रान्झिस्टर. एका गोल चकतीवर असे अनेक तुकडे एकदम कोरले जातात. पण सगळे सारखे उतरत नाहीत. एखाद्यातील एक-दोन कोअर सदोष निघतात, एखादा तुकडा कमी विजेवर जास्त वेग घेतो, एखाद्याला तोच वेग घेण्यास जास्त वीज लागते. मग निवड होते. उत्तम उतरलेले दोन तुकडे जोडून सोळा कोअरचा '७९५०एक्स' करावयाचा; एकाच तुकड्यातील दोन कोअर बंद करून सहा कोअरचा '७६००एक्स' करावयाचा. मागणी भागविण्यासाठी कधी कधी चांगला तुकडाही खालच्या प्रतीत जातो. म्हणजे महागाचा आणि स्वस्ताचा प्रोसेसर ही दोन निराळ्या जातींची यंत्रे नसून एकाच घराण्यातील थोरली-धाकटी भावंडे असतात.

आता भाव पाहू. मुद्दाम या २०२२ च्या मालिकेचे उदाहरण घेतो. कारण तिचा पुढचा इतिहासही आता हाती आहे. सहा कोअरच्या ७६००एक्सची बाजारात उतरतानाची किंमत २९९ डॉलर होती, आणि सोळा कोअरच्या ७९५०एक्सची ६९९ डॉलर. म्हणजे दुसरा पहिल्याच्या सव्वादोनपटीहूनही महाग. एकेका गड्याचा जास्तीत जास्त वेग मात्र पहिल्यात ५.३ गिगाहर्ट्झ आणि दुसऱ्यात ५.७ गिगाहर्ट्झ, फरक शेकडा साडेसात. पत्र लिहिणे, हिशेबाचे तक्ते करणे, इंटरनेटवर माहिती पाहणे, शाळेचे व्याख्यान ऐकणे या कामांत बहुधा एक-दोन गडीच राबत असतात. तेथे सव्वादोनपट पैसे मोजून शेकडा साडेसातांचा फरक पदरात पडतो, आणि तो फरक माणसाच्या डोळ्यांना दिसतही नाही.

यावर कोणी चतुर ग्राहक म्हणेल, की कोअरमागे भाव काढा. ही शंका रास्त आहे. ६९९ ला सोळाने भागले तर दर कोअरला सुमारे ४४ डॉलर पडतात. २९९ ला सहाने भागले तर सुमारे ५० डॉलर. मग मोठाच प्रोसेसर स्वस्त नव्हे काय? हिशेब खरा आहे. अख्खे पोते घेतले की धान्य स्वस्त पडते, हेही खरे आहे. पण दोन माणसांच्या घरात चार पोती आणून ठेवली आणि त्यांना पोरकिडे लागले, तर ती स्वस्ताई कोणाच्या कामाची? जो कोअर राबत नाही त्याचा भाव कितीही कमी असला तरी तो महागच. म्हणून खरा प्रश्न हा, की आपल्या कामात किती कोअर खरोखर राबतील?

या प्रश्नाला १९६७ साली जीन आम्डाल या अमेरिकन संगणक-शास्त्रज्ञाने गणिती रूप दिले. त्याचा नियम आपल्याकडील ऊसतोडीच्या उदाहरणाने चांगला समजतो. समजा, एका फडाचे काम एकट्या गड्याला दहा तासांचे आहे. त्यांतले पाच तास तोडणीचे, आणि उरलेले पाच तास एका ट्रॅक्टरने ऊस कारखान्यावर नेण्याचे व काट्यावर रांगेत उभे राहण्याचे. आता तोडणीला सहा गडी लावले. तोडणी पाच तासांऐवजी पन्नास मिनिटांत झाली. पण ट्रॅक्टर एकच आणि काटाही एकच. एकूण वेळ पाच तास पन्नास मिनिटे. ठीक आहे, बराच वेळ वाचला. मग आणखी दहा गडी आणले. सोळा गड्यांनी तोडणी एकोणीस मिनिटांत उरकली. एकूण वेळ पाच तास एकोणीस मिनिटे. म्हणजे जादा दहा गड्यांच्या मजुरीवर वाचली ती एकतीस मिनिटे. शंभर गडी आणले तरी पाच तासांच्या खाली काम यावयाचे नाही, कारण काट्यावरची रांग गड्यांची संख्या पाहत नाही.

आता दुसरे काम घ्या. दहा तासांपैकी नऊ तास वाटून करण्याजोगे आहेत आणि एकच तास रांगेचा आहे. सहा गड्यांनी ते अडीच तासांत होईल आणि सोळा गड्यांनी सुमारे एक तास चौतीस मिनिटांत. येथे जादा दहा गडी जवळजवळ एक तास वाचवितात. म्हणजे त्यांच्या मजुरीला काही अर्थ आहे. यावरून असे दिसेल, की एकच प्रोसेसर एका माणसाला वाजवी किमतीचा आणि दुसऱ्याला उधळपट्टीचा असू शकतो. प्रोसेसर तोच असतो. काम निराळे असते. चित्रफितीची जुळणी करून अंतिम फीत तयार करणे, इमारतीचे छायाप्रकाशासह चित्र काढणे, मोठा संगणकीय कार्यक्रम भाषांतरित करून चालता करणे, ही कामे अनेक गड्यांना वाटून देता येतात. पत्रव्यवहार आणि बहुतेक खेळ यांना ती सोय थोडीच असते.

खेळांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण घरोघरी महाग प्रोसेसरची मागणी पुष्कळदा अभ्यासाच्या नावाने आणि खेळाच्या ओढीने होत असते. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा हाताशी असतो आणि मसाल्याच्या बरण्या कोठीत असतात. दर फोडणीला कोठीत जावे लागले तर कितीही चपळ सुगरण असली तरी स्वयंपाक रेंगाळतो. प्रोसेसरमध्येही असा हाताशी ठेवलेला डबा असतो. त्याला 'कॅश' म्हणतात. एएमडीने एप्रिल २०२३ मध्ये '७८००एक्स३डी' हा आठ कोअरचा प्रोसेसर ४४९ डॉलरला आणला, त्यात हा डबा मोठा, ९६ मेगाबाइटचा केला. त्याच घराण्यातील सोळा कोअरचा, ६९९ डॉलरचा '७९५०एक्स३डी' त्याआधी जेमतेम सव्वा महिना आला होता. बहुतेक खेळांत आठ कोअरचा स्वस्त प्रोसेसर सोळा कोअरच्या महागड्याच्या बरोबरीने, काही ठिकाणी त्याच्याही पुढे गेला. तेव्हा सर्वांत महाग ते सर्वांत चांगले, हे समीकरण खेळांपुरतेही टिकत नाही. शिवाय खेळांत आणि हल्लीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामात पुष्कळसा भार मुख्य प्रोसेसरवर नसून चित्रे रंगविणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर असतो. तेथे प्रोसेसरवर जास्त पैसे घालणे म्हणजे गाडीचा बैल दमला असता जू बदलण्यासारखे आहे.

आतापर्यंत आपण प्रोसेसरची एकट्याचीच किंमत पाहिली. पण मोठा पाहुणा एकटा येत नाही. ७९५०एक्स पूर्ण भाराखाली २३० वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो. त्याच घराण्यातील साधा '७६००' हा सुमारे ८८ वॉटवर थांबतो. मोठ्याला थंड ठेवण्यासाठी मोठा पंखा किंवा पाण्याची यंत्रणा वेगळी विकत घ्यावी लागते. धाकट्याबरोबर पंखा पेटीतच येत असे. मोठ्याला दणकट मदरबोर्ड लागतो, वीज पुरविणारा भाग मोठा लागतो. दोहोंतील १४२ वॉटांचा फरक रोज पाच तास पूर्ण भाराने चालला, तर वर्षाच्या तीनशे दिवसांत २१३ युनिटे होतात. युनिटला दहा रुपये धरले तर दोन हजारांवर रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण ती दर वर्षी द्यावयाची आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे पावसाळ्यात वीज गेली की बॅटरीवर चालणारे यूपीएस जेवढा वेळ तग धरते, तो वेळ भार वाढला की घटतो. जेथे विजेचा लपंडाव चालतो तेथे आधी चांगले यूपीएस घ्यावे आणि मग प्रोसेसरची पायरी ठरवावी, असा क्रम आम्ही सुचवितो.

नवेपणाचीही एक किंमत असते, आणि ती बहुधा पहिल्या काही महिन्यांत गिऱ्हाइकांकडून वसूल होते. सप्टेंबर २०२२ मध्ये ६९९ डॉलरला आलेला ७९५०एक्स त्याच वर्षाच्या अखेरीस सहाशे डॉलरांच्या आत विकला जाऊ लागला. जानेवारी २०२३ मध्ये त्याच मालिकेतील किंचित कमी वेगाचे, कमी वीज खाणारे प्रोसेसर आले. त्यांतील सहा कोअरच्या ७६०० ची किंमत २२९ डॉलर होती. म्हणजे चार महिने दम धरणाऱ्याला जवळजवळ तेच काम सत्तर डॉलर कमी देऊन मिळाले. आंब्याच्या पहिल्या पेटीचा भाव आणि अक्षय्यतृतीयेनंतरचा भाव यांतील अंतर ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

पैशाखेरीज नवेपणात जोखीमही असते. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक आढळली. अमेरिकेतील थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकाला मूळ संख्यांवर काम करताना उत्तरे चुकीची येत असल्याचे दिसले आणि त्याने ती गोष्ट उघड केली. ही चूक काही विशिष्ट आकड्यांपुरतीच होती. तरी डिसेंबर १९९४ मध्ये कंपनीला मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर करावे लागले आणि त्यापायी साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. ही जुनी गोष्ट झाली असे म्हणावे, तर २०२४ मध्ये इंटेलच्याच तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या प्रतीचे प्रोसेसर काही ग्राहकांकडे मध्येच बंद पडू लागले. गरजेपेक्षा जास्त विद्युतदाब हे कारण कंपनीने सांगितले, दुरुस्तीच्या आज्ञावली पुरविल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. ज्या प्रोसेसरचा शेवटचा थेंब पिळून वेग काढलेला असतो, तो दोषाच्या काठावरही अधिक जवळ उभा असतो. नव्या मालाला सहा महिने बाजारात नांदू द्यावे. त्याचे गुण आणि अवगुण दोन्ही तोवर बाहेर येतात.

हे सर्व ऐकून कोणी असे समजू नये, की महाग प्रोसेसर ही सरसकट फसवणूक आहे. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. लग्नाच्या चित्रफिती करणारा एखादा छायाचित्रकार घ्या. मोठ्या प्रोसेसरपायी त्याचे तीस हजार रुपये जास्त गेले आणि त्यामुळे कामाच्या दर दिवशी एक तास वाचला. त्याच्या एका तासाची कमाई एकशेवीस रुपये धरली, तरी अडीचशे दिवसांत तीस हजार फिटले. पुढचे सगळे तास निव्वळ नफ्याचे. त्याने तो प्रोसेसर अवश्य घ्यावा. मात्र एक अट आहे. वाचलेला तास खरोखर कामी लागला पाहिजे. तोच छायाचित्रकार रात्री निजण्यापूर्वी काम लावून ठेवीत असेल, तर फीत पहाटे दोनला तयार झाली काय आणि चारला झाली काय, त्याला सकाळी सहालाच उठावयाचे आहे. यंत्राचा वाचलेला वेळ आणि माणसाचा वाचलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी दुसरीचेच पैसे होतात.

घराचा हा हिशेब देशालाही लागू पडतो, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले. १९८० नंतरच्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. त्या काळी महासंगणक म्हणजे अमेरिकेच्या क्रे कंपनीचे अजस्र आणि अतिमहाग यंत्र, असेच समीकरण होते. अमेरिकेने एक क्रे यंत्र हवामानाच्या कामापुरते, अटी घालून दिले; अधिक सामर्थ्याचे देण्यास नकार दिला. तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावी जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रेच्या तोडीचा एकच प्रचंड प्रोसेसर घडविण्याचा नाद केला नाही. इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नावाचे, बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर त्यांनी घेतले, ते मोठ्या संख्येने एकमेकांस जोडले आणि काम वाटून देण्याची आज्ञावली स्वतः रचली. १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला आणि पुढे परदेशीही गेला. पुढे २००७ च्या नोव्हेंबरात पुण्यातच टाटा समूहाच्या संस्थेने उभारलेला 'एका' हा महासंगणक जगाच्या यादीत चौथा आला. त्यातही इंटेलचे बाजारात मिळणारे प्रोसेसरच हजारोंनी जोडलेले होते. मोल कोणत्या एका चिपमध्ये नव्हते. कामाची वाटणी कशी केली यात होते. आम्डालचा नियम तेथे अनुकूल बाजूने राबविला गेला.

आणि जेथे काम तसेच मोठे आहे, तेथे कोट्यवधी रुपयेही वाजवी ठरतात. पुण्याच्या पाषाण भागात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यासाठी 'अर्क' आणि नोएडातील केंद्रासाठी 'अरुणिका' असे दोन महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. दोहोंच्या योजनेचा खर्च ८५० कोटी रुपये होता. अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे एका सेकंदात अकरा-बारावर पंधरा शून्ये पडतील इतकी गणिते. एवढ्या गणिताचे काय काम? हवामानाच्या अंदाजासाठी पृथ्वीवर चौकोनांची जाळी कल्पिली जाते आणि प्रत्येक चौकोनाचा वारा, उष्णता आणि ओलावा मोजून पुढचा काळ गणिताने काढला जातो. पूर्वी या चौकोनाची बाजू बारा किलोमीटर होती. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'मध्ये ती सहा किलोमीटर झाली. बाजू निम्मी झाली की चौकोन चौपट होतात आणि काळाचे टप्पेही बारीक करावे लागत असल्याने गणित चौपटीहून पुष्कळ अधिक वाढते.

आपल्या भागाला याचे महत्त्व सांगावयास नको. आंबोलीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस आणि गडहिंग्लजच्या पूर्वेकडे पडणारा पाऊस यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. मोठ्या चौकोनात ही दोन्ही रूपे सरमिसळ होऊन जातात. चौकोन लहान झाला की ती निराळी दिसू लागतात. भाताची रोपे कधी लावावी, भुईमूग कधी काढावा, घटप्रभेला पूर येईल काय, या प्रश्नांची उत्तरे एक दिवस आधी मिळणे आणि एक दिवस उशिरा मिळणे यांत शेतकऱ्याचा हंगाम सापडलेला असतो. उशिरा आलेला अंदाज कितीही बिनचूक असला तरी तो अंदाज नव्हे, ती बातमी. येथे वाचलेला तास हा माणसाचा तास आहे, म्हणून येथे महाग यंत्र स्वस्त आहे.

आता घरच्या प्रश्नाकडे वळून सारांश सांगतो. संगणक घ्यावयाचा झाला तर आधी कामांची यादी करावी, मग पैशांची, आणि शेवटी प्रोसेसरची. विद्यार्थ्याच्या आणि साध्या कार्यालयाच्या कामाला अलीकडच्या पिढीतील मधल्या पायरीचा सहा-आठ कोअरचा प्रोसेसर पुरून उरतो. वाचलेल्या पैशांतून आधी मेमरी पुरेशी घ्यावी, सामान्य कामाला सोळा गिगाबाइट. मग माहिती साठविण्यास जुन्या फिरत्या चकतीऐवजी एसएसडी घ्यावी. मग यूपीएस आणि डोळ्यांना न शिणवणारा पडदा. जुना संगणक रेंगाळत असेल तर तो टाकून देण्याआधी त्याला एसएसडी आणि थोडी मेमरी घालून पाहावी. पुष्कळदा मेंदू चांगला असतो, कोठीच लांब पडलेली असते. ज्याचे काम वाटून करण्याजोगे आहे आणि ज्याच्या वाचलेल्या तासाचे पैसे होतात, त्याने वरची पायरी खुशाल चढावी. पण तीही माल नवा असताना नव्हे, काही महिने थांबून. आणि दुकानात जाताना मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारावे, की तुझ्या कामात किती गडी राबतात आणि काट्यावर रांग किती आहे? उत्तर नीट देता आले, तर महाग यंत्र मागण्याचा त्याचा किंवा तिचा हक्क मान्य करावा.

किंमत कारखानदार ठरवितो आणि पेटीवर छापतो. मोल मात्र कामावरून ठरते, आणि ते ठरविण्याचा अधिकार ज्याच्या घरात ते काम आहे त्याचा आहे. तो अधिकार जाहिरातीच्या हवाली करू नये, एवढेच या विवेचनाचे तात्पर्य आहे.